रिपोर्ट तुमचा, मग कुलूप आमचं का?

गेल्या महिन्यात एक काका ओपीडीत आले. वय ६४, पंधरा वर्षांचा मधुमेह, जोडीला रक्तदाब. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी रोज चालू. हातात तुमच्याही घरी असते तशी प्लास्टिकची पिशवी. तीन लॅबचे रिपोर्ट, दोन हॉस्पिटलांची डिस्चार्ज कार्डं, घडी घालून कोंबलेला एक्स-रे. सगळं तारखेप्रमाणे लावायला मला वीस मिनिटं लागली. क्रिएटिनिन दोन वर्षांपूर्वी १.२, नंतर १.७, आता २.६. किडनी हळूहळू हार मानत होती आणि काका रोज एक गोळी घेऊन तिला आणखी ढकलत होते.

"काका, कुणी सांगितलं नाही?"

"डॉक्टर, कागद देताना सगळे म्हणतात नीट ठेवा. वाचा असं कुणी म्हटलं नाही."

१.७ च्या रिपोर्टवर बाण काढून खाली केलेली सही माझीच होती.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली तर प्रत्येक हॉस्पिटलचं ॲप असतं. असतं ना! उघडून बघा. अपॉइंटमेंट घ्या, बिल भरा, फुल बॉडी चेकअपवर सवलत मिळवा. याला पेशंट पोर्टल म्हणणं म्हणजे गल्ल्याला तिजोरी म्हणणं. माझी कसोटी साधी आहे. लॉग-इन केल्यावर मागच्या पाच तपासण्यांचे आकडे एकाखाली एक दिसतात का? चालू औषधांची यादी आहे का? डिस्चार्ज कार्ड आहे का? आणि डॉक्टरांनी तुमच्याबद्दल काय लिहिलंय, ते वाचता येतं का? १.२, १.७, २.६ हे तीन आकडे एका पडद्यावर ओळीने दिसले असते, तर काकांच्या बारावीतल्या नातवानेही विचारलं असतं, "आजोबा, हे वाढतंय का?" पोर्टलकडून मला एवढंच हवंय. पेशंटच्या तोंडी तो एक प्रश्न यावा.

आमच्या बिरादरीचं ठरलेलं उत्तर असतं: पेशंट गूगल करेल, घाबरेल, वाद घालेल. मीही हे म्हणत आलोय. पण हे करून पाहिलेलं आहे. २०१० साली अमेरिकेत बोस्टन, पेनसिल्व्हेनिया आणि सिएटल इथल्या शंभराहून अधिक डॉक्टरांनी आपली टिपणं वर्षभर पोर्टलवर पेशंटना खुली केली. 'ओपन नोट्स' म्हणतात त्याला. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. टिपणं वाचून गोंधळ झाला किंवा काळजी वाटली असं सांगणारे दहा टक्क्यांहून कमी होते. औषधं चालू असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण म्हणाले, आता गोळ्या जास्त नेमाने घेतो. आणि वर्ष संपल्यावर एकाही डॉक्टरने हे बंद केलं नाही.

"ते अमेरिकेत. आपले पेशंट तेवढे शिकलेले नाहीत." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. पनवेलच्या आसपासच्या गावांत साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाच्या फायली माणसांनी वर्षानुवर्षं सांभाळल्या आहेत. ऑनलाइन सातबाऱ्यावर अर्ध्या गुंठ्याची चूक ते लांबून ओळखतात. जमिनीचा कागद कळतो त्या माणसाला स्वतःच्या रक्ताचा कागद कळणार नाही, हे आम्ही कोण ठरवणार?

कायदाही आमच्या बाजूने नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने नोंदी मागितल्या की ७२ तासांत द्यायच्या असतात. तरी रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर "उद्या या" ऐकलेलं नाही असं घर मला दाखवा.

मग सरकारची आभा आली. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, १४ अंकी क्रमांक मिळू लागला. कल्पना चांगली आहे. रिपोर्ट जिथे तयार झाला तिथेच राहतो आणि तुम्ही संमती दिलीत तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतो. पण माझ्या ओपीडीत आभा क्रमांक सांगणाऱ्या बहुतेकांना तो केस पेपरची रांग टाळण्यापुरताच ठाऊक असतो. हॉस्पिटलने आणि लॅबने नोंदी त्या क्रमांकाला जोडल्याच नाहीत, तर ती रिकाम्या कपाटाची किल्ली.

विरोधकांच्या एका मुद्द्यापुढे मात्र मी गप्प बसतो. ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो? बऱ्याच घरांत मुलाच्या. सुनेची गर्भपाताची नोंद किंवा एखाद्याची मानसिक आजाराची औषधं सगळ्या घराने वाचावीत का? अजिबात नाही. म्हणून नोंदणी करताना नंबर कुणाचा, हे काउंटरवर हळू आवाजात विचारायलाच हवं. कातकरी वाड्यांवर जिथे रेंजच नाही, तिथे कागद राहिलाच पाहिजे. आणि कॅन्सरचा बायोप्सी रिपोर्ट रात्री अकराला मोबाइलवर एकट्याने वाचायला लागणं हे क्रूर आहे. पण त्यावर इलाज डॉक्टरांनी आधी फोन करण्याचा. रिपोर्ट दडपणं हा इलाज होत नाही.

शिवाय भाषा. इंग्रजीतला डिस्चार्ज समरी पोर्टलवर टाकला, म्हणजे न कळणारा कागद न कळणाऱ्या पडद्यावर गेला. 'किडनीचं काम कमी होतंय, वेदनाशामक गोळ्या टाळा' एवढं मराठीत लिहायला किती वेळ लागतो? मी मोजलाय. पंधरा सेकंद.

तेव्हा पुढच्या वेळी डिस्चार्ज घेताना बिलाच्या खिडकीवरच विचारा: माझे रिपोर्ट आभाला जोडलेत का, आणि डॉक्टरांची टिपणं मला कुठे दिसतील? "सिस्टीममध्ये नाही" म्हणाले, तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की सिस्टीम बऱ्याचदा सापडते. आणि हो, आकडा वाढलेला दिसला म्हणून गोळ्या स्वतःच बंद करू नका. आधी विचारा.

काकांची वेदनाशामक गोळी बंद केली आहे. परवा पुन्हा तपासणी झाली. मी लिफाफा उघडायच्या आत तेच म्हणाले, "२.२ आलंय डॉक्टर, मागच्या वेळी २.६ होतं."