मनोर-बोईसरच्या पोरांना प्रोफेशनल डायव्हर व्हायचंय, तर ट्रेनिंग कुठे घ्यावं?

मालवणला जाऊन स्कूबा केलं, व्हिडिओ टाकला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: यात करिअर होतं का?

पालघर जिल्ह्यात या प्रश्नाला आता वेगळं वजन आलंय. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डहाणूजवळच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. सुमारे ७६ हजार कोटींचा हा प्रकल्प आहे आणि स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोधही आहे. पण बंदर म्हटलं की पाण्याखालची कामं आलीच. मग मनोर-बोईसरच्या तरुणाने स्कूबा शिकलं, तर तिथे काम मिळेल का?

नुसत्या स्कूबावर नाही. कारण हे दोन वेगळे पेशे आहेत.

पर्यटनातला डायव्हर

पर्यटकांना पाण्याखाली नेणं, शिकवणं आणि सुखरूप वर आणणं हे त्याचं काम. पॅडी या जागतिक संस्थेच्या पद्धतीत ओपन वॉटर, अ‍ॅडव्हान्स्ड, रेस्क्यू आणि मग डाइव्हमास्टर अशा पायऱ्या आहेत. ओपन वॉटरला १८ मीटरपर्यंत, अ‍ॅडव्हान्स्डला ३० मीटरपर्यंत जाता येतं. डाइव्हमास्टरसाठी वय किमान १८ हवं. कोर्स सुरू करताना ४० आणि संपवताना ६० डाइव्हची नोंद लागते, इन्स्ट्रक्टरला १००.

बंदरातला डायव्हर

वेल्डिंग, जहाजाच्या तळाची तपासणी, खांबांची दुरुस्ती ही कमर्शियल डायव्हिंगची कामं. इथे हवा बहुतेक वेळा वरून नळीने येते. त्याचं प्रशिक्षण वेगळं, सर्टिफिकेटही वेगळं. तेल कंपन्यांच्या कामांसाठी आयएमसीए या आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्य केलेलं सर्टिफिकेट मागितलं जातं. डाइव्हमास्टरचं कार्ड तिथे चालत नाही.

घराजवळ का शिकता येत नाही?

वैतरणा आणि खाड्यांच्या गाळामुळे पालघरचा समुद्र गढूळ असतो. त्यामानाने मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाणी स्वच्छ आहे, प्रवाळही आहे. एमटीडीसीची ‘इसदा’ ही स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीत आहे, ती त्यामुळेच. गोवा, कर्नाटकातलं नेत्राणी बेट आणि अंदमान हे पुढचे पर्याय. पण पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, म्हणजे त्या महिन्यांत कमाईही बंद.

पैसे भरण्याआधी काय विचारावं?

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. डाइव्हमास्टर झालात की अशा प्रसंगी सगळे तुमच्याकडेच बघणार. म्हणून फीआधी हे विचारा: कोर्सच्या काळात प्रत्यक्ष किती डाइव्ह मिळतील? एका इन्स्ट्रक्टरमागे विद्यार्थी किती? बोटीवर ऑक्सिजन आहे का? दमा, कानाचा किंवा छातीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना भेटा.

आणि सुरुवात फक्त ओपन वॉटरने करा. पाण्याखाली मन रमतंय का, हे तिथेच कळतं. बंदरात काम करायचं असेल, तर डाइव्हमास्टरवर पैसे घालण्याआधी कमर्शियल कोर्सची चौकशी करा. कुठे शिकायचं हे कशासाठी शिकायचं यावर ठरतं.