सायकल विकताना दोष आधी लिहा

स्कूटर विकायची तर आरसी बुक, विमा, पीयूसी लागतं, आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरावे लागतात. सायकलीला यातलं काहीच नसतं. तिची मालकी कुठल्या सरकारी दफ्तरात नोंदलेली नसते, तिचे ब्रेक लागतात की नाही हे कुणी तपासत नाही. जुनी सायकल एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती केवळ विकणाऱ्याच्या शब्दावर. म्हणून तो शब्द लेखी हवा आणि त्यात दोष सगळ्यात आधी यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

मी कोथरूडला राहते, शाळेत गणित शिकवते. वेताळ टेकडीच्या मुरमाड वाटांवर आणि सिंहगडाच्या घाटात चालवलेली माझी माउंटन बाइक मी नुकतीच ऑनलाइन जाहिरात देऊन विकली. आता मला शाळेत जाण्यायेण्यासाठी मडगार्ड-कॅरिअरवाली साधी सायकल हवी होती. जाहिरात लिहिण्याआधी इतरांच्या जाहिराती वाचल्या. ‘एकदम नवीसारखी’, ‘फक्त दोन-तीनदा वापरली’, ‘अर्जंट विकणे आहे’. फ्रेम कोणत्या मापाची, चाकं किती इंची, चेन कधी बदलली, याचा बहुतेक ठिकाणी पत्ताच नाही.

यातल्या बऱ्याच सायकली २०२० आणि २०२१ मध्ये घेतलेल्या. टाळेबंदीच्या त्या दिवसांत लोकांना सायकलीची ओढ लागली होती आणि दुकानात हव्या त्या मापाची सायकल मिळणं कठीण झालं होतं. त्याच सायकली आज सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या आहेत. ‘वापरलीच नाही’ हे त्यांचं प्रशस्तिपत्र होऊ शकत नाही. उभ्या सायकलीचंही रबर कडक होतं, टायरच्या बाजूंना बारीक चिरा पडतात, केबल गंजतात, बेअरिंगमधलं ग्रीस सुकतं, पुढच्या फोर्कचे सील कोरडे पडतात. हे न सांगता सायकल विकणं म्हणजे दुरुस्तीचा खर्च आणि धोका दोन्ही दुसऱ्याच्या गळ्यात मारणं.

मी जाहिरातीत काय लिहिलं ते सांगते. फ्रेम मध्यम मापाची, अॅल्युमिनियमची. चाकं साडेसत्तावीस इंची, गिअर अठरा, ब्रेक हायड्रॉलिक डिस्क. त्याखाली दोष. चेन झिजली आहे, बदलावी लागेल. मागच्या चाकात थोडा आऊट आहे. फोर्कच्या डाव्या नळीवर नखाला लागेल एवढा ओरखडा आहे, तेल गळत नाही. मागचे ब्रेक पॅड संपत आले आहेत. प्रत्येक दोषाचा जवळून फोटो दिला. फ्रेमच्या वेल्डिंगच्या जागाही उजेडात नेऊन टिपल्या, कारण अॅल्युमिनियमला तडा गेला असेल तर तो बहुधा तिथेच सापडतो.

चेनची झीज मोजायला मेकॅनिकच लागतो असं नाही. चेनच्या लगतच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. कंपासपेटीतली पट्टी सहा इंचाचीच असते, म्हणून बारा इंची मोठी पट्टी घ्यावी. शेवटची पिन सुमारे दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. तीन मिलिमीटर पुढे गेली असेल तर झिजलेल्या चेनने मागच्या कॅसेटचे दातही खाल्लेले असतात आणि खर्च वाढतो. पाच मिनिटांचं हे काम विकणाऱ्याने करायला हवं, कारण सायकल त्याच्या घरात आहे.

किंमत ठरवताना बहुतेक जण जुनं बिल काढतात आणि त्यातून थोडे पैसे वजा करतात. हा हिशेब मला मान्य नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. तेव्हा तुलना आज तशीच नवी सायकल कितीला मिळते याच्याशी व्हायला हवी. त्यातून वापराची घट धरायची आणि घेणाऱ्याला लगेच करावा लागणारा खर्चही वजा करायचा. माझी सायकल बत्तीस हजारांची होती, मी बारा हजार मागितले आणि साडेअकराला दिली.

पहिला फोन मात्र गिऱ्हाइकाचा नव्हता. ‘मी आर्मीत आहे, जम्मूला पोस्टिंग झालंय, सायकल भावासाठी हवी आहे, पैसे आत्ताच पाठवतो, फक्त क्यूआर कोड स्कॅन करा.’ ही फसवणूक देशभर चालते आणि ती गणवेशावरच्या आपल्या विश्वासावर पोसली जाते. एकच नियम पाठ करावा: यूपीआयवर पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्या खात्यातून जाणार. पैसे मागवण्याची जी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ भामटे वापरत, ती व्यक्ती-व्यक्तींमधल्या व्यवहारांसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआर कोडची युक्ती उरलीच आहे. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा. अशा फोनांना कंटाळून सरळ माणसं जाहिरात काढून टाकतात आणि बाजार थापाड्यांच्या हाती राहतो.

एका गृहस्थांना बारा वर्षांच्या मुलीसाठी सायकल हवी होती. ‘ताई, वाढेल की ती, दोन वर्षांनी बसेल बरोबर,’ असं ते म्हणाले. मी नाही म्हटलं. मोठ्या फ्रेमवर पाय जमिनीला टेकत नाहीत, ब्रेकचे लिव्हर बोटांच्या टप्प्यात येत नाहीत. वाढत्या अंगाचे कपडे घेता येतात, सायकल घेऊ नये. शेवटी सायकल गेली ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलाकडे. तो वडिलांबरोबर आला, ते दोघं सायकल आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे दाखवून आले. वडील म्हणाले, ‘मॅडम, त्याने जे दोष सांगितले ते तुम्ही आधीच लिहिलेत. आता आम्ही घासाघीस काय करणार?’ भाव पाचशे रुपयांत मिटला. एका कागदावर तारीख, रक्कम आणि फ्रेम नंबर लिहून दोघांनी सह्या केल्या, मूळ बिल मी त्यांना दिलं. हा नंबर बहुतेक सायकलींवर पेडलच्या कण्याखाली कोरलेला असतो. सायकल उलटी केली की दिसतो. तो मी जाहिरातीत छापला नाही, समोर बिलाशी ताडून दाखवला.

हा कागद घेणाऱ्याच्या फार कामाचा आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पण सायकल चोरीची आहे की नाही हे सामान्य माणसाने ताडायचं कसं? जपानमध्ये १९९४ पासून सायकलीची नोंदणी मालकावर बंधनकारक आहे आणि ती दुकानातच होते. फ्रान्समध्ये २०२१ पासून दुकानातून विकल्या जाणाऱ्या सायकलीवर नोंदणीचा क्रमांक लागतो, दुकानदाराने विकलेल्या जुन्या सायकलीवरसुद्धा. आपल्याकडे एकेकाळी नगरपालिका सायकलींवर कर घेऊन धातूचा बिल्ला देत असत. तो कर परत आणा असं मी म्हणत नाही. पण फ्रेम नंबरची एक मोफत, ऐच्छिक नोंद महापालिका किंवा पोलीस ठेवू शकतात आणि चोरीची तक्रार आली की तो नंबर तिथे लाल अक्षरांत दिसू शकतो.

हे सगळं मी इतक्या तळमळीने सांगते, कारण जुनी माउंटन बाइक घेणारा बहुतेकदा नवी परवडत नाही म्हणून ती घेतो. कॉलेजचा मुलगा असतो, घरपोच डबे पोहोचवणारा असतो. मेकॅनिकला दाखवण्याइतकी सवड आणि ओळख प्रत्येकाकडे नसते. संपलेले ब्रेक पॅड सपाट रस्त्यावर कळत नाहीत, सिंहगडाच्या उतारावर कळतात आणि तिथे पैसे परत मागायला वेळ नसतो. आपण लपवलेला दोष दुसऱ्याच्या हाडांवर निघू शकतो, हे विकणाऱ्याने विसरता कामा नये.

पार्किंगमधली सायकल यंदाच्या पावसाळ्याआधी विका. विकताना चेन मोजा, दोष लिहा, फ्रेम नंबरासह कागद करा. सायकल दुकानदारांकडे माझी मागणी एवढीच आहे: प्रत्येक बिलावर फ्रेम नंबर लिहा. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. आज सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्याच बिलापासून ते सुरू करता येईल.