भोपळ्याचा देठ आणि काचेची बाटली

घरातल्या वस्तूंपासून कामसुखाची साधनं करणं हे मोबाइलने शिकवलेलं खूळ आहे, आपल्याकडे असलं काही नव्हतं, असं म्हणणाऱ्यांची पुण्यात वाण नाही. त्यांनी कामसूत्र उघडलेलं नसावं. अंतःपुरातल्या स्त्रिया आकाराने जुळणारे कंद, मुळं, फळं वापरतात, हे वात्स्यायन पाचव्या अधिकरणात नाक न मुरडता नोंदवतो. सातव्या अधिकरणात तर सोनं, चांदी, हस्तिदंत, शिंग यांच्या 'अपद्रव्यां'ची, म्हणजे कृत्रिम साधनांची, चर्चा आहे, आणि ती जवळ नसली तर भोपळ्याचा देठ किंवा वेळू घ्यावा, असंही आहे. मात्र कसाही वेळू नव्हे. तेला-काढ्यांनी नीट मुरवलेला आणि दोऱ्याने कमरेला बांधलेला. म्हणजे वस्तू घरगुती असली तरी तिचा पृष्ठभाग कसा हवा आणि ती जागेवर कशी राहील, याचा विचार तेव्हाही होता. आज जे हरवलं आहे ते संस्कार नव्हेत, हा विचार आहे.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. घरचं, नैसर्गिक, स्वस्त, मग त्यात धोका कसला, असं ते म्हणतात. शरीराला मात्र घरचं-दारचं कळत नाही. गुदद्वाराला दोन वर्तुळाकार स्नायू असतात आणि त्यांतला आतला आपल्या इच्छेने चालत नाही. पायाशी रुंद नसलेली वस्तू त्याच्या पलीकडे सरकली की तो मिटतो, आणि हाताला टोक लागत नाही. काचेची बाटली ओढू लागलं की तिच्या मागे निर्वात पोकळी तयार होते, त्यामुळे ती सहजी ओढून निघत नाही. जोर केला तर फुटू शकते. योनिमार्ग आत गर्भाशयमुखाशी संपतो, तिथून वस्तू पोटात 'हरवत' नाही, पण काकडीचा तुकडा मोडून आत राहिला तर संसर्ग व्हायला तेवढं पुरतं. निरोध चढवणं शहाणपणाचं खरं. पण वर खोबरेल तेल चोळलं की लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं. आपल्या घरात तेलाखेरीज दुसरं वंगण हाताशी असतं कुठे? पाण्यात मिसळणारं वंगण औषधाच्या दुकानात मिळतं, पण ते मागायला तोंड उघडावं लागतं.

आणि तोंड उघडणाऱ्याचं काय होतं, याचा इतिहासही आपल्याच जवळचा आहे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. हस्तमैथुनाने माणूस खंगत नाही, असं त्यांनी वाचकांना स्पष्ट सांगितलं. १९३१ साली पुण्यातल्या सनातनी मंडळींनी त्यांच्यावर पहिला खटला भरला; १९३४ साली पुन्हा खटला झाला, डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले, तरी दोनशे रुपये दंड झालाच. लोकांच्या शंका मात्र दंडाने मिटल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये गेल्या.

कामसुखासाठीच बनवलेली साधनं उघड विकली तर पोरं बिघडतील, हा आक्षेप त्यातल्या त्यात गंभीर. पण अल्पवयीनांना विकू नये हा नियम करता येतो. काकडीवर तसा नियम कोण लावणार? कायद्याचा बागुलबुवाही आता तेवढा मोठा नाही. अश्लील वस्तूंच्या आयातीबाबतच्या १९६४ च्या अधिसूचनेचा आधार घेऊन सीमाशुल्क खात्याने अंगाला मसाज करणारी यंत्रं अडवली होती. त्यांचा कामसुखासाठी उपयोग होऊ शकतो या कल्पनेवर ती अश्लील ठरत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितलं. अशा साधनांची रचना सुरक्षित कशी असावी याचं आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ पासून आहे. तेव्हा स्वस्ताईची बाजू मांडणाऱ्यांनी आपल्याकडे अशा प्रमाणित वस्तू परवडतील अशा दरात का मिळत नाहीत, हा प्रश्न विचारावा. बाटलीचं समर्थन करू नये.

आक्षेप घेणाऱ्यांच्या लाजेची किंमत शेवटी अपघात विभागात मोजली जाते. "बाथरूममध्ये घसरून बसलो" हे वाक्य शल्यचिकित्सकांना तोंडपाठ असतं. एक्स-रेवर धातू दिसतो, काचही बहुधा दिसते; गाजर, मेणबत्ती, प्लास्टिक दिसेलच असं नाही. आत काय आहे आणि किती तासांपूर्वी गेलं, हे रुग्णालाच सांगावं लागतं, आणि तो आधी दाराकडे बघतो, सोबत आलेले वडील ऐकत नाहीत ना म्हणून.