टाकून दिलेल्या प्रयोगांची नोंद

ज्ञानेश्वरीचे कर्ते आणि अभंगांचे कर्ते ज्ञानदेव एकच की भिन्न, हा वाद शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उपस्थित केला. असा कर्तृत्वाचा प्रश्न आज संगणकीय शैलीमापनानेही तपासता येतो. जॉन बरोज यांनी २००२ साली मांडलेल्या ‘डेल्टा’ पद्धतीत वारंवार येणाऱ्या शब्दांच्या प्रमाणावरून संहितांमधील अंतर मोजले जाते.

तथापि हे अंतर स्वयंसिद्ध नसते. संहितेची कोणती प्रत घेतली, शंभर शब्द मोजले की पाचशे, विभक्तिप्रत्यय वेगळे काढले की नाही, यांवर ते बदलते. अभ्यासकाने वीस वेळा प्रयोग करून प्रबंधात आपल्या गृहीतकास अनुकूल असे एकच कोष्टक दिले, तर उरलेले एकोणीस निष्कर्ष परीक्षकास दिसत नाहीत. यामागे लबाडी असतेच असे नाही. अनेकदा नोंदच ठेवलेली नसते.

ही उणीव भरून काढणाऱ्या संगणकीय प्रणाली उपलब्ध आहेत. २०१८ साली खुली झालेली ‘एमएलफ्लो’ ही त्यांपैकी एक. अभ्यासकाने तशी योजना केली की प्रत्येक प्रयोगाची वेळ, त्यात वापरलेली मूल्ये, आज्ञावलीची आवृत्ती व हाती आलेला निष्कर्ष ती क्रमाने नोंदवते आणि अनेक प्रयोग शेजारी ठेवून ताडून पाहू देते.

हे तंत्रज्ञांचे काम, साहित्याच्या अभ्यासकांचे नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. वास्तविक ही शिस्त आपल्याच पाठचिकित्सेची आहे. वि. स. सुकथनकर यांनी संपादिलेल्या आणि १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या चिकित्सित आवृत्तीत स्वीकृत पाठ वर आणि अस्वीकृत पाठभेद खाली दिलेले आहेत. संपादकाशी मतभेद असणाऱ्यासही त्यामुळे आपला निर्णय स्वतंत्रपणे करता येतो. उलट, एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, तेव्हा त्यांनी बाजूला सारलेले पाठ कोणते, याची त्यांची स्वतःची नोंद आपल्यापाशी नाही. त्याचे मोल ज्ञानेश्वरीचा प्रत्येक संपादक आजही मोजतो आहे.

म्हणून संगणकाधारित प्रबंधासोबत सर्व प्रयोगांची नोंदवही परिशिष्टरूपाने जोडणे विभागांनी अनिवार्य करावे. अमुक प्रयोग का नाकारला, हे मात्र कोणतीही प्रणाली सांगणार नाही. ते कारण अभ्यासकानेच आपल्या शब्दांत लिहिले पाहिजे; त्याची विवेकशक्ती पारखण्याची खरी जागा तीच होय.