ताकदीचा आकडा मोठा, तहानेचा आकडा कुठे?

आपल्याकडे कोणी नवी गाडी घेतली की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, ‘ॲव्हरेज किती देते?’ अमेरिकेच्या ग्रामीण भागात दारात नवी डिझेल पिकअप उभी राहिली, की लोक आधी विचारतात, ‘ओढते किती?’ गुरांचा ट्रेलर बाजारात नेणारा शेतकरी, खोदाईचे यंत्र ओढून नेणारा कंत्राटदार, घोडे पाळणारे कुटुंब, निवृत्तीनंतर राहण्याचा ट्रेलर मागे जोडून देशभर हिंडणारे जोडपे, हे सारे या गाड्यांचे गिऱ्हाईक. पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली ही गाडी त्यांच्या घरची मोटारही असते आणि धंद्याचे साधनही.

या गिऱ्हाइकासाठी फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम या तीन कंपन्यांत गेली तीस-पस्तीस वर्षे चढाओढ चालू आहे. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी नवा विक्रम जाहीर करते. पण कुटुंबाने ज्या आकड्यांवरून निर्णय घ्यायला हवा, ते जाहिरातीत क्वचितच असतात.

तीन घराणी, तीन इंजिने

१९८९ साली डॉज रॅम पिकअपमध्ये कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन आले आणि या स्पर्धेला खरी सुरुवात झाली. एका रांगेत सहा सिलिंडर असलेले हे इंजिन मुळात ट्रक आणि यंत्रांसाठी बनवलेले. भारतातल्या वाचकाला कमिन्स हे नाव परके नाही. पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली आणि १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्ये याच ‘बी’ मालिकेतली इंजिने टाटांच्या ट्रकसाठी बनू लागली. म्हणजे अमेरिकन शेतकऱ्याच्या दारातले इंजिन आणि आपल्या हमरस्त्यावरच्या ट्रकचे इंजिन ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत.

फोर्डने १९९४ मध्ये नॅव्हिस्टार कंपनीने बनवलेले ७.३ लिटरचे ‘पॉवर स्ट्रोक’ आणले. २०११ च्या मॉडेलपासून फोर्डने ६.७ लिटरचे इंजिन स्वतःच तयार केले. जनरल मोटर्सने जपानच्या इसुझूबरोबर ६.६ लिटरचे ‘ड्युरामॅक्स’ विकसित केले आणि ते २००१ च्या मॉडेलमध्ये आले. या दोन्ही इंजिनांचे आठ सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात बसवलेले असतात.

आकड्यांची चढाओढ

ओझे ओढायला अश्वशक्तीपेक्षा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, जास्त उपयोगी पडतो. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच हा जोर देते, म्हणून जड कामाला डिझेल. आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल मोटारीचा टॉर्क साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. १९८९ च्या डॉजचा होता ५४२. फोर्डने १९९४ मध्ये तो ५७६ वर नेला, तर २००१ मध्ये ड्युरामॅक्सने ७०५. रॅमने २०१९ मध्ये १,३५६ चा आकडा गाठला. अमेरिकन मोजमापात हा पुरा एक हजार पौंड-फूट, त्यामुळे जाहिरातदारांना पर्वणीच मिळाली. फोर्डने २०२३ मध्ये १,६२७ न्यूटन-मीटर आणि ५०० अश्वशक्ती जाहीर केली. जनरल मोटर्सचा २०२४ चा आकडा १,३२२, तर रॅमचा २०२५ चा १,४५७.

ओढण्याचे वजनही असेच वाढत गेले. २०१९ च्या रॅमसाठी सुमारे १६ टनांचा, तर २०२३ च्या फोर्ड एफ-४५० साठी सुमारे १८ टनांचा दावा होता. कागदावर पाहिले तर फोर्ड पुढे. मात्र असा विक्रम करणारी गाडी विशिष्ट जुळणीची असते. मागे दोन्ही बाजूंना जोडचाके, ठरावीक केबिन, ओझ्यासाठी निवडलेले क्राऊन-पिनियन असे सगळे जुळले तरच तो आकडा लागू होतो. चार दारांची, मुलाबाळांना घेऊन जाणारी गाडी त्यापेक्षा कमीच ओढते.

घाटातली परीक्षा

पूर्वी प्रत्येक कंपनी आपली ओढण्याची मर्यादा आपल्याच पद्धतीने ठरवत असे, त्यामुळे एकाच्या दहा टनांची दुसऱ्याच्या दहा टनांशी तुलना करणे व्यर्थ होते. अखेर मोटार अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने २००८ मध्ये ‘जे-२८०७’ नावाची कसोटी ठरवली. ती २०११ च्या मॉडेलपासून सर्वांत आधी टोयोटाने स्वीकारली आणि अमेरिकन कंपन्या त्याच दशकात हळूहळू मागे आल्या.

ॲरिझोना राज्यात डेव्हिस धरणाजवळ सुमारे १८ किलोमीटरचा चढ आहे. निदान ३८ अंश उन्हात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसह गाडीने हा चढ चढायचा. मागे एकेरी चाके असतील तर वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये, जोडचाके असतील तर ५६ च्या खाली. तिन्ही घराण्यांनी ही शिस्त मानल्यामुळे गिऱ्हाइकाचा फायदाच झाला.

चढणीइतकीच उतरणही महत्त्वाची. कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत टर्बो डिझेलचा जोर साध्या पेट्रोल इंजिनापेक्षा कमी घटतो. पण खाली उतरताना मागचे दहा टन गाडीला ढकलत असतात. तेव्हा इंजिनाच्या धुराची वाट आवळून वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक कामी येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, असे आपले जुने ट्रकचालक सांगतात. त्यामागचे कारणही हेच, की उतारावर नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ते तापून निकामी होतात.

दारावरची पट्टी वाचा

सर्वांत जास्त फसगत होते ती वेगळ्याच जागी. गाडी किती ओढते ही एक मर्यादा आणि ती स्वतःच्या अंगावर किती पेलते ही दुसरी. ही दुसरी मर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेली असते. ती पट्टी खाली वाकून वाचणारे गिऱ्हाईक विरळाच.

उदाहरण घ्या. एका जोडप्याच्या राहण्याच्या ट्रेलरचे वजन सामानासह ६,५०० किलो आहे. हा ट्रेलर पिकअपच्या हौद्यातल्या जोडावर टेकतो आणि त्याचा साधारण १५ ते २५ टक्के भार पिकअपवर येतो. २० टक्के धरले तरी १,३०० किलो झाले. त्यात माणसे, जोडाचे लोखंड आणि सामान मिळवा, हिशेब दीड टनाच्या वर जातो. ‘पाऊण टनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गातली चार दारांची डिझेल पिकअप आठ-नऊ टन ओढते असा दावा असतो, पण तिच्या पट्टीवरचा आकडा पुष्कळदा हजार किलोच्या आसपासच असतो. ओढण्याच्या मर्यादेत राहूनही ती गाडी अतिभारित होते. टायर, स्प्रिंग आणि ब्रेक यांवर ताण येतो आणि त्यात कुटुंब बसलेले असते.

यात आणखी एक गंमत आहे. डिझेल इंजिन जड असते, कमिन्सचे ६.७ लिटरचे इंजिन सुमारे अर्धा टन भरते. त्यामुळे तीच गाडी पेट्रोलमध्ये घेतली तर ती कमी ओढते, पण अंगावर अनेकदा जास्त पेलते.

ॲव्हरेज कोणी सांगायचे?

अमेरिकेत नव्या मोटारीच्या काचेवर सरकारी कसोटीतील इंधनखर्चाचा कागद चिकटवलेला असतो. पण पूर्ण भारासह ३,८५६ किलोंपेक्षा जड असणाऱ्या पिकअपला हा नियम लागू नाही. म्हणजे ज्या गाड्या सर्वांत जास्त पितात, त्यांच्याच काचेवर आकडा नसतो! तिन्ही घराण्यांच्या जड गाड्या याच वर्गातल्या. गिऱ्हाइकाने मग मालकांना विचारावे, पावत्या जपाव्यात आणि स्वतः हिशेब करावा.

हलक्या डिझेल पिकअपचे मात्र तसे नाही. सरकारी कसोटीत हमरस्त्यावर २०१४ ची रॅम १५०० लिटरला सुमारे १२ किलोमीटर, २०१८ ची फोर्ड एफ-१५० पावणेतेरा, तर २०२० ची शेव्हरोले सिल्व्हराडो १४ किलोमीटर धावली. इथे बाजी जनरल मोटर्सने मारली. फोर्डने २०२१ मध्ये आणि रॅमने २०२३ मध्ये हलक्या पिकअपमधले डिझेल इंजिन बंद केले. हे आकडे मोकळ्या गाडीचे आहेत, हेही विसरू नये. जड आणि उंच ट्रेलर जोडला की ॲव्हरेज अर्ध्यावर येणे नवलाचे नाही. ओझ्यासाठीचे क्राऊन-पिनियन घेतले तर ओढ वाढते, पण मोकळ्या धावण्यातही इंजिन जास्त फिरते आणि जास्त पिते.

हिशेब कोणाला परवडतो?

जड पिकअपमध्ये पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन घ्यायला अलीकडे सुमारे दहा हजार डॉलर जादा पडतात. तिथे डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा महाग असते. केंद्रीय करच पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट, तर डिझेलवर २४.४ सेंट आहे.

समजा पेट्रोल ८५ सेंट आणि डिझेल एक डॉलर लिटर आहे. एक गृहस्थ वर्षाला २५,००० किलोमीटर बहुतेक मोकळी गाडी चालवतो. पेट्रोलची गाडी लिटरला ५ आणि डिझेलची साडेसहा किलोमीटर गेली, तर वर्षाची बचत जेमतेम चारशे डॉलर. जादा दिलेले दहा हजार वसूल व्हायला पंचवीस वर्षे लागतील. दुसरा वर्षाला ६०,००० किलोमीटर ट्रेलर ओढतो. त्याची पेट्रोल गाडी ३ आणि डिझेल साडेचार किलोमीटर गेली, तर बचत साडेतीन हजार डॉलरच्या वर जाते आणि पैसे तीन वर्षांच्या आत सुटतात. म्हणजे ज्याच्या मागे बारा महिने ओझे आहे, त्यालाच डिझेल परवडते. बाकीचे हौसेची किंमत मोजतात.

धुराचा खर्च वेगळा. २०१० च्या सुमारास नियम कडक झाल्यापासून या इंजिनांना काजळी अडवणारा फिल्टर आणि युरियाचे द्रावण लागते. आपल्याकडेही २०२० मध्ये बीएस-६ आल्यानंतर डिझेल गाड्यांना अशीच यंत्रणा आली. रॅममधील कमिन्स इंजिनांत कसोटीला चकवणारी व्यवस्था असल्याच्या आरोपावरून डिसेंबर २०२३ मध्ये १६७.५ कोटी डॉलरच्या दंडाची तडजोड जाहीर झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण दंड भरायचे कबूल केले. ताकद, कमी खर्च आणि स्वच्छ धूर ही तिन्ही एकाच इंजिनात साधणे किती अवघड आहे, हे यावरून कळते.

मग तिघांत श्रेष्ठ कोण? आकड्यांत फोर्ड पुढे, साध्या रचनेसाठी कमिन्स नावाजलेले आणि हलक्या गाडीच्या ॲव्हरेजमध्ये जनरल मोटर्स सरस. पण बहुतेक कुटुंबांना लागणारे ओझे तिघेही सहज ओढतात. म्हणून आधी आपला ट्रेलर भरून काट्यावर तोलावा, मग दारावरची पट्टी वाचावी, वर्षाचे किलोमीटर मोजावेत आणि जवळचा सर्व्हिस सेंटर कोणाचा आहे ते पाहावे.

भाजीपाला, दूध किंवा किराणा वाहण्यासाठी पिकअप घेणाऱ्या आपल्याकडच्या घरालाही हीच रीत उपयोगी आहे. आरसीवर नोंदलेल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे. जे उरते तेवढेच ओझे तिचे, आणि त्यात चालक व शेजारी बसणाराही आला. शोरूममधला विक्रेता सांगतो तो आकडा त्याच्या कंपनीचा असतो. घाटात ब्रेक दाबताना आणि पंपावर पैसे मोजताना उपयोगी पडतो तो घरी मांडलेला हिशेबच.