मांडव उतरल्यावर काय? कॅन्सर झालेल्या लेकरांच्या घराला शिबिराचा खरा उपयोग कुठं होतो

साकोली : धानाची कापणी आटोपली, गावोगावी मंडई सुरू झाली की तालुक्यात शिबिरांचाही हंगाम लागतो. कुणाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी, कुठं मंडळ तर कुठं ट्रस्ट. शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, बीपी-शुगर तपासली जाते, चष्मे वाटले जातात, रक्ताच्या पिशव्या जमा होतात आणि संध्याकाळी फोटो गावच्या ग्रुपवर येतात. यात वाईट काही नाही. मोतीबिंदूच्या शिबिरांनी कितीतरी म्हाताऱ्या माणसांना नजर परत दिली आहे. पण ज्या घरात सहा-सात वर्षांच्या लेकराला कॅन्सर निघतो, त्या घराला या मांडवाचा उपयोग काय, हे फारसं कुणी विचारत नाही.

लेकरांचा कॅन्सर मांडवात बरा होत नाही आणि बहुतेक वेळा मांडवात सापडतही नाही. तरी शिबिराचा उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. फक्त तो उपयोग फोटो काढून झाल्यानंतर सुरू होतो. औषधाचा पैसा आता बऱ्याच अंशी सरकारी योजनेतून निघतो. घर मोडतं ते रस्त्यावर, राहण्या-खाण्यात, बुडालेल्या मजुरीत आणि अपुऱ्या कागदात. मदत तिथं पोहोचली पाहिजे.

जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. औषधं बहुतेक तीच आहेत. तिकडं रोग लवकर ओळखला जातो आणि सुरू केलेला उपचार शेवटपर्यंत चालतो. आपल्याकडं या दोन्ही ठिकाणी गळती होते.

सिकलसेल समजून थांबू नका

आपल्या पट्ट्यात पहिली गळती वेगळ्याच कारणानं होते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा सिकलसेलचा भाग. लेकरू पांढरं पडलं, हातपाय दुखतात म्हणून रडतं, वारंवार ताप येतो, तर घरचे म्हणतात सिकल असेल, शेजारी म्हणतात रक्त कमी आहे, आयर्नची बाटली द्या. बरेचदा ते खरंही असतं. पण लेकरांतला सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा कॅन्सर, आणि त्याची सुरुवातही अशीच दिसते. ताप जात नाही, अंगावर मार न लागता निळे-काळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येतं, मानेत किंवा काखेत गाठी लागतात, हाडं दुखतात. पोटात हाताला गोळा लागणं, मोबाईलच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकणं, सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, हीसुद्धा इतर कॅन्सरची लक्षणं असू शकतात.

अशा वेळी साधी सीबीसी तपासणी आणि रक्ताची काच पॅथॉलॉजीच्या जाणत्या डॉक्टरनं बघणं, एवढ्यावरूनही पुढचा रस्ता कळू शकतो. पक्कं निदान मोठ्या दवाखान्यातच होतं. मात्र तिकडं वेळेत पाठवायचं काम इथलं आहे. सिकलची तपासणी ‘निगेटिव्ह’ आली आणि लेकरू तरीही सुधारत नसेल, तर तिथं थांबायचं नाही. सिकल ‘पॉझिटिव्ह’ असलेल्या लेकराला दुसरा आजार होऊच शकत नाही, असंही नाही. झाडपाल्यात आणि अंगारे-धुपाऱ्यात गेलेला महिना पुढं भरून निघत नाही, हे कटू असलं तरी सांगायला हवं.

शाळा-अंगणवाडीत तपासणीसाठी येणारं पथक हे खरं तर आपल्याकडचं सगळ्यात मोठं आणि कायमचं शिबिर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात मोफत होते. पथक आलं त्या दिवशी लेकराला शेतावर नेऊ नये. घरी दिसलेली गोष्ट पथकातल्या डॉक्टरला आईनं स्वतः सांगावी. डॉक्टर दोन मिनिटं बघतो, आई रोज बघते.

पाच लाखांच्या बाहेरचा खर्च

निदान झालं की दुसरी लढाई. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आधी दीड लाखाची मर्यादा होती. ती कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमो आणि शेक यांचे उपचार त्यात येतात. गावात म्हणूनच बोललं जातं, “सगळं फुकट आहे, मग पैसे कशाला मागतात?”

समजा, साकोलीपासून पंधरा किलोमीटर आत एक घर आहे. दोन एकर धान, बाकी मजुरी. लेकराला रक्ताचा कॅन्सर निघाला. हा उपचार आठवड्या-दोन आठवड्यांचा नसतो. पहिला जोराचा टप्पा महिनाभराचा, मग काही महिने सतत येणं-जाणं, मग गोळ्या आणि तपासण्या. सगळं धरून दोन ते अडीच वर्षं. साकोली ते नागपूर जवळपास शंभर किलोमीटर. राष्ट्रीय कर्करोग संस्था जामठ्याला, एम्स मिहानला. दोन्ही वर्धा रोडच्या बाजूनं, म्हणजे भंडाऱ्याकडून आलेल्या माणसाला सगळं नागपूर ओलांडून पलीकडं जावं लागतं. एसटी, मग ऑटो किंवा सिटी बस. एका माणसानं नाही, दोघांनी, कारण लेकराला उचलायला एक आणि कागदासाठी धावायला एक.

रोवणीच्या दिवसांत बाईच्या हाताला मजुरी असते. नेमकं तेव्हा ती दवाखान्याच्या व्हरांड्यात. बाप नागपूरला गेला तर बांधीत पाणी कोण बघणार? दुसरं लेकरू आजीजवळ, त्याची शाळा बुडते. धान केंद्रावर दिला तरी चुकारे हाती पडेपर्यंत सोनाराच्या दुकानाची पायरी चढावी लागते. योजनेच्या पाच लाखांत यातलं काहीच धरलेलं नाही. मग चौथ्या-पाचव्या महिन्यात लेकरू हसायला-खेळायला लागतं, आणि घरचे म्हणतात, “आता तर बरं दिसते, रोवणी झाल्यावर जाऊ.” इथंच उपचार सुटतो. दिसायला बरं झालेलं लेकरू आतून बरं झालेलं नसतं. सुटलेला रोग परत आला तर तो पहिल्यापेक्षा अवघड जातो.

अजून एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. केमो सुरू असताना लेकराची ताकद तळाला जाते. अशा वेळी आलेला ताप हा साधा ताप नसतो. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघण्यात जीव जाऊ शकतो. त्याच तासाला दवाखाना गाठावा लागतो. साकोलीच्या आतल्या गावातून रात्री दोन वाजता नागपूर कसं गाठणार? म्हणून जोराच्या टप्प्यात दवाखान्याजवळ, स्वच्छ जागी, उकळलेलं पाणी आणि ताजं अन्न मिळेल अशा ठिकाणी राहणं हा उपचाराचाच भाग आहे. धर्मशाळेतली खोली इथं इंजेक्शनइतकीच कामाची.

हे विदर्भाला नवीन सांगायला नको. अमरावतीकडच्या गाडगेबाबांनी देवळांपेक्षा धर्मशाळांवर जोर दिला. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलला आलेले कॅन्सरचे रुग्ण अल्प दरात राहतात. फक्त लेकरांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून मुंबईत काम करते. कुटुंबाला स्वतःची छोटी जागा, सामाईक स्वयंपाकघर, रेशन, दवाखान्यापर्यंत गाडी, लेकरांना शिकवणं, सगळं मोफत. मात्र तिथं थेट जाऊन जागा मिळत नाही. दवाखान्यातल्या सामाजिक कार्यकर्त्याकडून नाव जावं लागतं. म्हणून मुंबईला पोहोचल्यावर फुटपाथवर पथारी टाकण्याआधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जायचं, ही साधी माहिती गावातूनच सोबत गेली पाहिजे. नागपूरला जामठ्याच्या संस्थेच्या आवारात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी ‘स्वस्ति निवास’चं भूमिपूजन मे २०२५ मध्ये झालं.

अशा आधारानं फरक पडतो का? मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचा अनुभव बोलका आहे. तिथं २००९ च्या सुमारास उपचार नाकारणाऱ्या किंवा अर्ध्यावर सोडणाऱ्या लेकरांचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे पाचातलं एक. मग पैसा, राहणं, जेवण, समुपदेशन आणि न आलेल्या कुटुंबाला फोन करणं, अशी सगळी व्यवस्था एकत्र उभी केली गेली. काही काळातच ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. केवळ नव्या औषधानं हे झालेलं नाही. फोन करणारा माणूस होता, हेही त्यामागचं कारण.

साकोलीतलं शिबिर काय करू शकतं

मांडवात एक टेबल कागदांचं हवं. योजनेत अडतं ते बहुतेक इथंच. रेशनकार्डात लेकराचं नावच चढवलेलं नसतं, आधारवर नाव वेगळं, जन्मदाखल्यात वेगळं. घरात कुणी आजारी नसताना हे काम तहसीलमध्ये निवांत होतं. आजारपणात बाप नागपूर-साकोली चकरा मारतो आणि लेकरू ॲडमिट होऊन वाट बघते. शिबिराच्या दिवशी सेतू केंद्रवाला, तलाठी आणि पुरवठा विभागाचा माणूस एका ठिकाणी बसवला तर अनेक घरांचं काम एका दिवसात मार्गी लागेल. योजनेची माहिती १५५३८८ या क्रमांकावर मिळते, दवाखान्यात आरोग्यमित्र असतो. ज्या मोठ्या खासगी दवाखान्यांची नोंद धर्मादाय म्हणून आहे, त्यांना गरिबांसाठी खाटा राखून ठेवणं बंधनकारक आहे. तिथंही उत्पन्नाचा दाखला लागतो.

रेल्वेचंही तेच. कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाता-येता स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण तिकीट माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. दवाखान्याच्या डॉक्टरचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तिकीट खिडकीवरून काढायचं. गोंदियाहून निघणारी विदर्भ एक्स्प्रेस वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून धरली की दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. एसटीतही कॅन्सर रुग्णांना सवलत आहे. किती घरांना हे माहीत असतं?

मदतीच्या नावानं मोबाईलवर जे फिरतं त्याबद्दलही बोललं पाहिजे. लेकराचा टक्कल पडलेला फोटो आणि खाली खातं नंबर. त्यातले काही मेसेज जुने असतात, काही सरळ फसवे. पैसे द्यायचे तर लेकराचा नोंदणी क्रमांक विचारून थेट हॉस्पिटलमधल्या त्याच्या खात्यात भरावेत. आणि बिस्किटांचा पुडा देताना लेकराचा चेहरा बॅनरवर छापू नये. कॅन्सर संसर्गजन्य नाही, तरी त्या फोटोमुळं शाळेत बाकावर शेजारी कुणी बसत नाही, आणि लेकीचा फोटो असला तर पुढं सोयरिकीपर्यंत गोष्ट निघते.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरचं डे-केअर केंद्र देण्याची घोषणा झाली. भंडाऱ्यात लेकरांची पुढच्या टप्प्यातली साधी इंजेक्शनं आणि रक्ततपासणी नागपूरच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं होऊ लागली, तर साकोली, लाखनी, लाखांदूरच्या घरांच्या निम्म्याहून अधिक चकरा वाचू शकतात. लोकप्रतिनिधी शिबिराला येतात तेव्हा हार घालताना हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

राहता राहिलं रक्त. रक्तदान शिबिर आपल्याकडं जोरात होतं, पण एकाच दिवशी. पिशवीतलं रक्त महिना-सव्वा महिना टिकतं. केमो घेणाऱ्या लेकराला मात्र बरेचदा प्लेटलेट लागतात, आणि त्या पाचच दिवस टिकतात. जानेवारीत शंभर पिशव्या दिल्या तरी मे महिन्यातल्या लेकराला त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा शिबिरात आलेल्या तरुणांचे नाव, रक्तगट आणि मोबाईल क्रमांक त्यांच्या संमतीनं एका वहीत लिहावेत, ती वही गावातल्या एका जबाबदार माणसाकडं राहावी आणि लागेल तेव्हा फोन जावा. पूर्ण रक्त पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी परत देता येतं. मशीनवर नुसत्या प्लेटलेट देणाऱ्याला त्याहून बरंच लवकर देता येतात, वेळ साधारण तास-दीड तास लागतो. साकोलीहून चार पोरं एका गाडीत सकाळी नागपूरला निघाली तर प्लेटलेट देऊन संध्याकाळपर्यंत घरी येतात. त्या गाडीचं डिझेल मांडवाच्या भाड्याहून कमीच पडेल.