हद्द झाली!

परवा मुंबईहून पुण्याला येताना बसमधून माझा लॅपटॉप गेला. पुण्यात उतरून चौकी गाठली. "गाडी मुंबईहून सुटली ना? मग तिकडं जा." मुंबईला फोन केला तर, "उतरल्यावर कळलं ना? मग तिकडेच द्या." च्यायला! म्हणजे चोराला सगळा एक्सप्रेसवे मोकळा आणि हद्द फक्त मला?

बरं, कायदा असा अडाणी नाहीये. प्रवासात घडलेला गुन्हा वाटेतल्या कुठल्याही हद्दीतल्या कोर्टात चालू शकतो, हे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होतं (कलम १८३). दखलपात्र गुन्हा नोंदवायलाच हवा, असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात बजावलं. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तर स्वच्छ सांगतं, की गुन्हा कुठेही घडो, माहिती घ्या. शून्य नंबरनं नोंदवा, पुढे पाठवा. नुसतं राउटिंग आहे हो!

हद्द ठरवते तपास कुणी करायचा ते. ऐकून कुणी घ्यायचं ते नाही. माझा नुसता लॅपटॉप होता, पण रात्री दोन वाजता एखाद्या मुलीला असंच "तिकडं जा" म्हटलं तर?

शेवटी कलम लिहून लेखी तक्रार दिली, पोच मागितली. तिसऱ्या दिवशी नंबर मिळाला. तोवर बसचं सीसीटीव्ही फुटेज पुसलं गेलं होतं.